विंगेतून : ‘शेवटची मेट्रो’ आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात ‘द लास्ट मेट्रो’ या फ्रेंच चित्रपटावर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले, “या महिन्यात दुसरं काही घेऊच नका.” ज्यांच्या हातून तो अंक निसटला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. साल 1942, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. मोंमार्त्र थिएटर नावाचं एक नाट्यगृह आहे, ते काल्पनिक. त्याचा मालक आणि दिग्दर्शक लुका स्टाइनर ज्यू आहे. तो देश सोडून पळाला अशी सगळ्यांची समजूत, पण प्रत्यक्षात तो रंगमंचाखालच्या तळघरात लपलाय. वर त्याची बायको मारियाँ नवं नाटक बसवून घेतेय आणि त्यातच कामही करतेय. बर्नार नावाचा नवा नट कंपनीत येतो. 1980 साली फ्रान्स्वा त्रुफो यांनी हा चित्रपट केला. मारियाँ म्हणजे कातरीन दनव, बर्नार म्हणजे जेरार देपार्दिय आणि लुका म्हणजे हाइंझ बेनेंट. झालं, आता पत्रं.

प्रश्न : नाव ‘शेवटची मेट्रो’ आणि गोष्ट सगळी नाटकाची! मी दोन तास गाडीची वाट बघत बसलो. हे नाव कशासाठी?
– एक निवृत्त शिक्षक

सर, गाडी आहे, पण ती प्रेक्षकांची आहे. जून 1940 मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि आल्या आल्या त्यांनी शहराची घड्याळं तासभर पुढे करून बर्लिनशी जुळवली. पाठोपाठ संचारबंदी आली. चित्रपटाच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो, रात्री अकरानंतर रस्त्यावर दिसायचं नाही. पेट्रोल जर्मनांकडे, त्यामुळे टॅक्सीऐवजी सायकलला जोडलेल्या हातगाडीसारख्या गाड्या फिरत. नाटक बघून लांब घरी जायचं तर शेवटची मेट्रो हा एकच आधार. ती चुकली की गस्तीवाले पकडणार आणि रात्र कोठडीत जाणार. ऑगस्ट 1941 मध्ये जर्मनांनी जाहीरच केलं होतं की आमच्या अटकेतला प्रत्येक फ्रेंच माणूस ओलीस समजला जाईल. म्हणजे तिसरा अंक दहा मिनिटं लांबला तर नुसता कंटाळा यायचा नाही, प्रकरण जिवावरही बेतू शकायचं.

तरी लोक नाटकाला का जायचे? एक कारण अगदी साधं आहे आणि तेही निवेदक सांगतो. घरात कोळसा नव्हता. थिएटरात शेजारी माणूस असतो, त्याच्या कोटाची ऊब मिळते.

त्याच मेट्रोबद्दल आणखी एक गोष्ट. 1942 च्या उन्हाळ्यापासून ज्यूंना फक्त शेवटच्या डब्यात बसायची परवानगी होती. चित्रपटाच्या नावात ती अभिप्रेत आहे असं मी म्हणणार नाही, पण एकदा कळल्यावर हे नाव ऐकताना मला तो डबा आठवल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : ताई, मी नाट्यशिबिराला जाते. लुका तळघरात बसून वरच्या तालमी नुसत्या ऐकतो आणि तेवढ्यावर दिग्दर्शन करतो. हे खरंच जमेल? आमचे सर म्हणाले, “सिनेमावाल्यांची सोय आहे ती.”
– एक विद्यार्थिनी

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की हा प्रश्न तू योग्य बाईला विचारलास. मी 31 वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य हळूच सांगायचं काम. त्यातली निम्मी नाटकं मी पाहिलेलीच नाहीत, ऐकली आहेत. विंगेत माझी खुर्ची फ्लॅटच्या, म्हणजे नेपथ्यातल्या रंगवलेल्या भिंतीच्या, मागे, तिरकी. समोर वही, मान खाली. नट दिसायचा तो पाठीचा, नाहीतर अर्ध्या खांद्याचा.

एवढ्यात काय काय कळतं ते ऐक. नट कुठल्या बाजूला चाललाय ते पावलांवरून कळतं, कारण फळ्या सगळीकडे सारख्या वाजत नाहीत. त्याला पुढचं वाक्य आठवतंय की नाही ते त्याच्या श्वासावरून कळतं. वाक्य विसरणारा माणूस आधी हवा आत घेतो आणि ती बाहेरच सोडत नाही. प्रेक्षक कंटाळले की खोकतात, तेही आधी मागच्या रांगांमधून. एखादा नट मनातून दुसऱ्याच कुणाशी बोलत असेल, तर तेही कळतं. काय कळत नाही? डोळे. बघणं. आणि प्रकाश. तळघरात लुकाला हे तीन सोडून बाकी सगळं मिळत होतं.

चित्रपटात तो गरम हवेच्या नळातून ऐकतो. मोठ्या थिएटरांत तळघरातून वर ऊब नेणारे असे नळ असतात. आवाजालाही तीच वाट. त्याने नळाला भोक पाडून वर काय चाललंय ते ऐकायची सोय करून ठेवली आहे. कोळसा नाही म्हणून नळ थंड, आणि थंड म्हणून ऐकायला मोकळा. हे शेवटचं वाक्य माझं आहे, चित्रपटात कुणी बोलून दाखवत नाही. पण मला ते फार आवडलं. रात्री मारियाँ खाली येते, तो सूचना सांगतो. दुसऱ्या दिवशी ती त्या ज्याँ-लूच्या कानावर घालते. नाटकाचा जाहीर दिग्दर्शक ज्याँ-लू, आणि त्याला वाटतं आपण लुकाने जाताना मागे ठेवलेल्या टिपणांवरून नाटक बसवतोय. म्हणजे दिग्दर्शक जमिनीखाली, दिग्दर्शकाचा हात वर, आणि मधला निरोप्या स्वतःच नायिकेचं काम करतेय. नायिकेने स्वतःच्याच चुका नवऱ्याकडून ऐकून तिसऱ्याच्या तोंडून परत ऐकून घ्यायच्या! यातला विनोद त्रुफो यांनी कुठेही दाबून दाखवलेला नाही, म्हणून तो जास्त लागतो.

आता तुझ्या सरांनी ज्याला सोय म्हटलं ते बघू. मी एका दौऱ्यावर होते. नायिका एका वाक्यानंतर नेहमी दोन मोजेपर्यंत थांबायची, मग नायक बोलायचा. महिनाभरात त्या दोनचे चार झाले. संहितेत शब्द बदलला नव्हता, दिग्दर्शक तर दौऱ्यावर आलेलेच नव्हते. मी वहीत पेन्सिलने 2 खोडून 4 लिहिलं आणि गप्प बसले. पुढच्या वर्षी दोघांची लग्नपत्रिका आली. कंपनीतले सगळे थक्क झाले. मी नाही झाले.

लुकाचं तेच झालंय. मारियाँ वर बर्नारशी फटकूनच वागते. तालमीत त्याचा हात झटकते, त्याच्याकडे बघायचं टाळते. दिसणाऱ्यांना दिसतो तो राग. लुकाला दिसतच नाही, त्याला फक्त ऐकू येतं. नाटकात बर्नारचं पात्र तिच्या सौंदर्याकडे बघून म्हणतं की तुझ्याकडे बघणं ही यातना आहे. ती म्हणते, काल तर तू हा आनंद आहे म्हणत होतास. तो म्हणतो, आनंदही आणि यातनाही. (हे संवाद त्रुफो यांनी आपल्याच 1969 च्या ‘मिसिसिपी मर्मेड’मधून उचलले. तिथेही समोर दनवच होती. दिग्दर्शकाने जुनी वाक्यं परत वापरली की प्रॉम्प्टरला लगेच खटकतं, काय करणार.) हे संवाद रोज रात्री त्या नळातून खाली येत असतात. आणि ज्या दिवशी गेस्टापोची, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांची, माणसं तळघर तपासायला येतात, त्या दिवशी बर्नार घाईघाईने लुकाला लपायला मदत करतो. दोघं पहिल्यांदा समोरासमोर आलेत, जीव टांगणीला लागलाय आणि लुका त्याला सरळ सांगतो, माझी बायको तुझ्या प्रेमात आहे. मग विचारतो, तुझं काय?

मारियाँने स्वतःशीही हे तोवर कबूल केलेलं नसतं. तुझ्या सरांनी हा प्रसंग एकदा डोळे मिटून ऐकावा.

प्रश्न : तो समीक्षक दाक्सिया अतिच खलनायकी वाटला. असा माणूस असेल का?
– एक वाचक

होता, आणि नावासकट होता. आलाँ लोब्रो हा ‘ज सुई पार्तू’ या साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक. साप्ताहिकाच्या नावाचा अर्थ ‘मी सर्वत्र आहे’, आणि पत्र कडवं ज्यूद्वेष्टं. नाटकाचं परीक्षण लिहिताना हा माणूस दिग्दर्शकाचं रक्त तपासायचा. 1942 मध्ये त्याने स्वतः एक नाटक लिहून रंगमंचावर आणलं, टोपणनावाने. ते टोपणनाव होतं मिशेल दाक्सिया. त्रुफो यांनी तेच उचललं आणि पात्राला दिलं. चित्रपटातला दाक्सियाही त्याच साप्ताहिकात लिहितो.

बर्नार दाक्सियाला ज्या प्रसंगात ठोकतो तोही हवेतून आलेला नाही. 1941 मध्ये ज्याँ कोक्तो यांच्या नाटकावर लोब्रोने गरळ ओकली, तेव्हा त्यात काम करणारा नट ज्याँ मारे याने त्याला एका रेस्तराँत गाठून मारलं होतं. सगळ्या पॅरिसला ते माहीत होतं. पण चित्रपटात पुढे जे होतं ते मला जास्त खरं वाटतं. मारियाँ बर्नारवर खूश होत नाही, संतापते. मर्दुमकी गाजवून तो घरी जाणार, पण दुसऱ्या दिवशी थिएटर बंद करायचा हुकूम आला तर? बुकिंग क्लार्कपासून कपडेपटवालीपर्यंत सगळ्यांची चूल तिच्यावर. आणि तळघरात नवरा. नट हात उगारतो आणि निस्तरतं कोण, ते मी बरंच जवळून पाहिलंय.

लोब्रो शेवटी स्पेनला पळाला आणि फ्रान्समध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड झाला. त्याच साप्ताहिकाचा संपादक रोबेर ब्रासियाक मात्र सापडला. 6 फेब्रुवारी 1945 ला त्याला गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्रुफो 13 वर्षांचे झाले. हा नुसता योगायोग आहे, पण तारीख बघितली आणि मला राहवलं नाही.

प्रश्न : पहिल्या रांगेत शत्रूचे अधिकारी बसलेत आणि ही मंडळी रंग लावून नाटक करतायत. याला तुम्ही कलेवरची निष्ठा म्हणता? मी याला लाचारी म्हणतो. खरे कलावंत असते तर त्यांनी थिएटरला टाळं लावलं असतं.
– एक वाचक (पत्र चार पानी होतं, सार दिलंय)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुमच्या बाजूचं बोलते. टाळं लावता येतं, आणि लावलंही गेलं होतं. पोलंडमध्ये. वॉर्सात जर्मनांनी पोलिश थिएटरं बंद केली आणि परवाना देऊन फक्त हलकीफुलकी करमणूक चालू ठेवली. नटांच्या गुप्त संघटनेने सांगितलं, या परवान्याच्या थिएटरांत काम करायचं नाही. चांगले चांगले नट कॅफेत बशा उचलायला लागले. इगो सिम नावाचा लोकप्रिय नट जर्मनांना मिळाला होता. मार्च 1941 मध्ये भूमिगतांनी त्याला त्याच्या घरच्या दारात गोळी घातली. सूड म्हणून जर्मनांनी ओलीस मारले. स्टेफान याराच आणि लिऑन शिलर या पोलिश रंगभूमीच्या दोन मोठ्या माणसांना आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवलं.

पॅरिसचं गणित उलटं होतं. तिथे जर्मनांना थिएटरं उघडीच हवी होती. शहर कसं मजेत आहे, दिवे कसे लागलेत, ते जगाला दाखवायचं होतं. म्हणजे पडदा वर जाणं हीसुद्धा त्यांची सोय होती, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. सारा बर्नार्ड ही फ्रान्सची जुनी गाजलेली नटी ज्यू वंशाची म्हणून तिच्या नावाच्या थिएटरचं नाव पुसून ‘थिएटर द ला सिते’ केलं गेलं. तिथेच दिग्दर्शक शार्ल द्युलाँ यांनी जून 1943 मध्ये लेखक सार्त्र यांचं पहिलं मोठं नाटक केलं. जुलमी राजाविरुद्धचं नाटक, पण जर्मन सेन्सॉरकडून पास करून घेतलेलं आणि पुसलेल्या नावाच्या छपराखाली. याला विरोध म्हणायचं की तडजोड, यावर फ्रेंच लोक अजून भांडतात. फेब्रुवारी 1944 मध्ये ज्याँ अनुई यांचं ‘अँटिगनी’ हे नाटक आलं. कुणाला त्यात बंडखोर मुलगी दिसली, कुणाला राज्य चालवणारा समजूतदार राजा. टाळ्या दोघांनीही वाजवल्या.

पण मला त्रुफो यांच्याबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. त्यांनी तुमचा प्रश्न टाळला नाही, तो एका क्षुल्लक कागदी प्रसंगात ठेवला. बर्नार पहिल्यांदा थिएटरच्या ऑफिसात येतो तेव्हा त्याच्या कानावर पडतं की रोसेन नावाच्या नटाला काम द्यायचं नाही, तो ज्यू आहे म्हणून. हे ऐकून बर्नार तडक निघून जायच्या बेतात असतो. मग तो थांबतो, कारण काम चांगलं आहे. करार करताना आपण ज्यू नसल्याचं त्यालाही लिहून द्यावं लागतं. तो लिहून देतो. थोड्या वेळाने आपल्याला कळतं की ज्या बाईच्या थिएटरात हे चाललंय, तिने याच इमारतीच्या तळाशी आपल्या ज्यू नवऱ्याला जिवापाड जपलंय. म्हणजे तिने रोसेनला नाकारलं ते लुकाला वाचवायला. एका कागदावर दोन माणसं, एक आत, एक बाहेर. रोसेनचं पुढे काय झालं ते चित्रपट सांगत नाही. मी तिसऱ्यांदा बघताना त्या नावापाशीच अडकले.

कायदाही बघा, म्हणजे तिच्यापुढे काय होतं ते कळेल. जून 1942 मध्ये फर्मान निघालं, ज्यूंनी रंगमंचावर काम करायचं नाही. जुलैमध्ये दुसरं निघालं, प्रेक्षक म्हणूनही थिएटरात पाऊल ठेवायचं नाही. लुकासाठी रंगमंचही गेला आणि खुर्चीही गेली. राहिली ती फळ्यांखालची जागा.

आणि नट सुरक्षित होते असंही समजू नका. हॅरी बोर हा फ्रान्सचा केवढा मोठा नट, त्याने जर्मनीत जाऊन चित्रपटातही काम केलं होतं. तरी 1942 मध्ये गेस्टापोने त्याला उचललं. तो ज्यू असल्याची आवई उठली होती. महिनोन्‌महिने छळ सोसून तो बाहेर आला तो अस्थिपंजर होऊन, आणि एप्रिल 1943 मध्ये गेला. लाचारी करूनसुद्धा वाचेलच याची खात्री नव्हती.

लाचारी हा तुमचा शब्द मी खोडत नाही. ज्याँ-लू दाक्सियाशी गोड बोलतो तिथे तो चपखल बसतो. मारियाँला तो लावताना माझा हात थांबतो, एवढंच.

प्रश्न : ही सत्यकथा आहे का?
– बऱ्याच जणांनी विचारलंय

एका कुणाची नाही. पण तुकडे खरे आहेत. लुका दक्षिण अमेरिकेला गेला असं सगळे समजतात. लुई जुवे हे बडे दिग्दर्शक-नट आपली कंपनी घेऊन 1941 मध्ये खरोखरच तिकडे दौऱ्यावर निघाले आणि पॅरिस मुक्त होईपर्यंत परतले नाहीत. म्हणून ही थाप लोकांना पटते.

लपून काम करणाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर ‘लेझांफां द्यु पारादी’ बघा. तोही नाटकवाल्यांवरचाच चित्रपट, बराचसा जर्मन काळातच चित्रित झाला आणि मार्च 1945 मध्ये झळकला. त्याचा नेपथ्यकार अलेक्झांडर त्रोनेर आणि संगीतकार जोसेफ कोस्मा दोघंही ज्यू, दोघंही दक्षिण फ्रान्समध्ये लपलेले. तिथून त्रोनेरची चित्रं यायची आणि सेटवर सही लिऑन बार्साक यांची असायची. लुका आणि ज्याँ-लू यांचीच ही जोडी, फक्त तळघराऐवजी डोंगरातलं घर.

लुका तळघरात 813 दिवस आणि 813 रात्री काढतो, त्यावरही दोघांनी हिशेब करून पाठवलाय. कष्ट घेतलेत, पण 813 हा त्रुफो यांचा लाडका आकडा. तो त्यांच्या इतर चित्रपटांतही डोकावतो.

प्रश्न : सुरुवातीला एक जर्मन शिपाई लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि आई त्याला घरात ओढून नेऊन डोकं धुवायला लावते. जरा नाटकी नाही वाटत?
– एक वाचक

नाही. त्रुफो जर्मन आले तेव्हा आठ वर्षांचे आणि गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. चित्रपटात रणगाडे जवळपास नाहीत, फटाफट गोळ्या नाहीत. आहे ते सगळं मुलाच्या उंचीवरून दिसेल एवढंच. थंड खोल्या, कुजबुज, रेडिओ, चोरून आणलेलं खाणं. चित्रण झालं ते पॅरिसमधल्या सँ-जॉर्ज थिएटरात आणि क्लिशीतल्या एका बंद पडलेल्या चॉकलेट कारखान्यात. पैसे वाचले म्हणून रस्ते कमी दिसतात, हेही खरं असेल. पण अंधारातलं शहर मला त्यामुळे जास्तच पटलं.

प्रश्न : हॅमसाठी एवढी जोखीम?
– एका गृहिणीचं पत्र, एवढंच

मारियाँ काळ्या बाजारातून हॅम, म्हणजे डुकराचं मांस, आणते त्याबद्दल हा प्रश्न. बाई, तुम्ही हे विचारावं! तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाला 275 ग्रॅम पाव रेशनकार्डावर मिळायचा, आणि मांस कार्डावर लिहिलेलं असलं तरी दुकानात असेलच असं नाही. लुकाचं तर कार्डच नाही, कारण कागदोपत्री तो देशातच नाही. मारियाँला स्वतःच्या वाट्यातून एक अख्खा माणूस पोसायचा होता. काळ्या बाजारातून आणलेला मोठा तुकडा लपवणं सोपं, रोज थोडं थोडं आणणं अवघड. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यावर ज्याँ-लूला अटक होते, सुटका होते, पुन्हा अटक होते. हसू आलं, पण हसावं की नाही कळेना.
– एक वाचक

हसा. ऑगस्ट 1944 मध्ये साशा गित्री या नाटककार-नटाला सशस्त्र तरुण घरून घेऊन गेले तेव्हा तो पायजम्यात होता आणि डोक्याला पनामा हॅट होती. तसाच त्याला रस्त्यातून चालवत नेला. साठ दिवस आत राहिला. पुढे त्याच्यावर काही शाबीत झालं नाही. त्या आठवड्यांत कुणी कुणाला पकडलं याचा मेळ नव्हता. रात्री दाक्सियासारख्यांबरोबर जेवलेला ज्याँ-लू आणि सकाळी कंपनी सांभाळणारा ज्याँ-लू एकच असतो. त्याला अटक करणाऱ्या दोन्ही तुकड्या आपापल्या परीने बरोबरच म्हणायच्या.

प्रश्न : शेवटी आमची फसवणूक केली. बर्नार हॉस्पिटलात आहे, मारियाँ भेटायला येते, मी रुमाल काढला आणि कळलं की हे नाटकातलं दृश्य आहे! हा प्रेक्षकांचा अपमान नाही का?
– एक वाचक

रुमाल परत ठेवू नका, पण पुढच्या वेळी खिडकी बघा. त्या खोलीच्या खिडकीबाहेर आधी खरी हालचाल आहे, माणसं वावरतायत. मग संवाद चालू असतानाच कधीतरी ती खिडकी रंगवलेला पडदा होते. कुठे होते ते मला पहिल्या खेपेला पकडता आलं नाही, दुसऱ्या खेपेला पकडलं आणि एवढा आनंद झाला म्हणून सांगू! आपण दोन तास हाच उद्योग बघत होतो. वरचं खोटं कुठे संपतं आणि खालचं खरं कुठे सुरू होतं, ते. तीच शिवण त्रुफो यांनी शेवटी एकदा उघडी करून दाखवली. तुम्ही रडलात ते रंगवलेल्या खिडकीसमोर. बर्नार आणि मारियाँ यांच्यात खरोखर काय उरलं, याचं उत्तर मात्र ते दृश्य देत नाही, आणि मीही देणार नाही.

मग टाळ्या होतात. लुका प्रेक्षकांपुढे येतो, सव्वादोन वर्षांनी उजेडात. नमस्काराला तिघं रांगेत उभे राहतात. मारियाँ मध्ये, एक हात लुकाच्या हातात, दुसरा बर्नारच्या. कंपनीतल्या सगळ्यांना प्रकाश मिळतो. प्रॉम्प्टरला बोलावलेलं नाही, हे मी तिन्ही वेळा नोंदवून ठेवलंय.